शेवटचा रकाना

माझं काम लिहायचं, बोलायचं नाही. आता हे मी सांगतेय म्हटल्यावर आमच्या ऑफिसातले लोक हसतील, कारण माझं तोंड किती चालतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. पण सभेत बसले की मी मुकी. एकवीस वर्षं जनसुनावण्यांची इतिवृत्तं लिहितेय. रस्ता रुंद करायचाय, पाण्याची टाकी बांधायचीय, काहीही असो, लोक येतात, ओरडतात, कधी रडतात, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून लिहीत असते.

या कामाचे नियम दोनच. माणूस जे बोलला तेच लिहायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. आणि प्रत्येकाच्या नावासमोर उजवीकडे एक अरुंद रकाना असतो, त्यात त्याचं मत एका ओळीत, तेही त्याच्याच शब्दांत. 'हरकत आहे', नाहीतर 'हरकत नाही'. वरचे साहेब लोक तेवढा रकाना वाचतात. बाकीची पानं मी लिहायची आणि वाळवीनं वाचायची.

आमच्या शहराला वीज आणणारी लाईन माझ्याहून जुनी. शहर वाढलं, लाईन तेवढीच राहिली. भार झेपेना की बसली. दिवसातून दोनदा, कधी चारदा. बाकीच्यांना याचा त्रास व्हायचा, आम्हाला धसका होता. आमचे हे तीस वर्षं खाणीवर, दगड फोडायच्या मशीनपाशी होते. ती भुकटी फुप्फुसात बसली ती बसलीच. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन सतत घुरघुरायचं आणि नाकात नळी. वीज गेली की मशीन टींटीं करून बंद, मग सिलिंडर लावायचा. सिलिंडरची चावी फिरवायची ह्यांच्या मनगटात ताकद नव्हती. मी ऑफिसात असले की शेजारच्या शिवणकामवाल्या काकू कान देऊन असायच्या.

"लाईन कधी बदलतायत गं?" हे रोज संध्याकाळी विचारायचे. जणू मीच खांद्यावर तारा टाकून निघणार होते.

लाईन बदलायची ठरली तेव्हा मी घरी येऊन अक्षरशः नाचले. दुप्पट ताकदीची लाईन, उंच टॉवर. मग नकाशा आला टायपिंगला. टॉवर मोठे म्हणून खालचा मोकळा पट्टाही मोठा हवा. त्या पट्ट्यात सात घरं येत होती, आणि सातवं घर माझ्या ताईचं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. माझ्या वेण्या, माझा शाळेचा डबा, माझं आजारपण, सगळं तिनंच केलं. मला अजून 'बारके' म्हणते, माझे केस पांढरे झाले तरी. तिचं घर भाऊजींनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. मागे मोठी मोकळी जागा, आणि तिथे ती हॉस्पिटलच्या चादरी धुऊन वाळत घालायची, रोज दोनशे. आधी तिथे लोखंडी तारा होत्या. वरच्या लाईनमुळे ओल्या हातानं तार धरली की झिणझिण्या यायच्या. "वरचीनं खालचीला चावायला शिकवलंय," असं म्हणत भाऊजींनी सगळ्या तारा काढल्या आणि नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या. भाऊजी गेले, दोऱ्या राहिल्या.

घराच्या बदल्यात चौथ्या मजल्यावर दोन खोल्या मिळणार होत्या. दोनशे चादरी काय कपाटात वाळवायच्या? घर गेलं की ताईचं कामही गेलं, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

बाकीच्या सहा घरांनी होकार देऊन टाकला होता. पण नियम असा, की पट्ट्यातल्या एका जरी घरमालकाची हरकत नोंदली गेली, तर तेवढ्या टप्प्यासाठी दुसरा रस्ता तपासावाच लागतो. तो रस्ता होता बंद पडलेल्या खाणीवरून. म्हणजे ताईचं घर वाचणार, आणि लाईन कमीत कमी दीड वर्ष लांबणार. दीड वर्ष! ह्यांच्या डॉक्टरांनी मला दारापर्यंत आणून हळू आवाजात जे सांगितलं होतं, त्यात दीड वर्ष कुठेच बसत नव्हतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ना, तसं झालं, आणि मधे मी, हातात पेन घेऊन.

आणि ताई कशी, तर तिच्या तोंडात एकच पालुपद, हरकत नाही. चहा सांडला, हरकत नाही. कोणी शिडी नेली आणि परत आणलीच नाही, हरकत नाही. लहानपणी मी तिच्या लग्नाच्या साडीवर शाईची दौत सांडली होती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण म्हणाली काय? "हरकत नाही गं, पदर असा घेईन." असल्या बाईला हरकत घ्यायची होती.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ती घरी आली. म्हणाली, कसं बोलायचं ते सांग.

"सरळ उभी राहा आणि पहिलंच वाक्य म्हण, माझी हरकत आहे," मी म्हटलं. "मग पुढे काय ती कथा सांग."

"आल्या आल्या असं कसं गं म्हणायचं? भांडायला आल्यासारखं वाटतं."

"भांडायलाच चाललीयस ना?"

"हो, पण रीतीनं. आधी सगळं सांगावं, मग शेवटी म्हणावं."

पलंगावरून हे म्हणाले, "ताई, तुम्ही जोरात बोला. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही." ज्या माणसाला लाईन हवी तोच हे सांगत होता. एवढं बोलून त्यांना दम लागला. ताईनं त्यांच्या नाकातल्या नळीकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसली.

"तुम्ही पडा, पाहुणे," ती म्हणाली. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ती ह्यांना पाहुणेच म्हणायची.

सुनावणी सकाळी अकराला, सभागृहात. पडद्यावर चित्रं दाखवायची म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावलेले. इंजिनिअरनं तासभर रंगीत रेघा दाखवल्या. एक निवृत्त मास्तर उठून गरजले, "विजेशिवाय आपले आजे-पणजे मेले होते का?" मागून कोणीतरी म्हणालं, "मेले की मास्तर, सगळेच मेले!" सगळं सभागृह खो खो हसलं, मीही हसले, पण लिहिलं दोन्ही. मग हॉस्पिटलची एक नर्स बोलली. वीज गेली की अपुऱ्या दिवसांच्या चार बाळांच्या काचेच्या पेट्या आणि दोन नर्सा, मग कुठल्या पेटीपाशी आधी पळायचं? तिच्या रकान्यात 'हरकत नाही' लिहिताना सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. ताई तिसऱ्या रांगेत बसून मान हलवत होती. त्या नर्सला ती ओळखत होती, तिच्याच वॉर्डाच्या चादरी ना.

एकोणिसावा नंबर ताईचा. उभी राहिली, माइक दोन्ही हातांनी धरला आणि सुरुवात केली ती घराचा पाया खणला त्या दिवसापासून. नमनालाच घडाभर तेल! भाऊजींनी विटा कुठून आणल्या, चौकट कशी वाकडी बसली, ती त्यांनी तीनदा कशी काढली. अध्यक्षसाहेब घड्याळ बघायला लागले. माझं पेन पळत होतं आणि मनात मी ओरडत होते, ताई, ते सोड, मुद्द्यावर ये. ती दोऱ्यांपर्यंत आली. "साहेब, लोखंडी तारा होत्या तेव्हा हाताला झिणझिण्या यायच्या, मग आमच्या ह्यांनी..."

आणि वीज गेली. माइक बंद, पडदा काळा, सभागृहात मिट्ट अंधार. लोक हसले, शिट्ट्या झाल्या. मी हसले नाही. माझ्या कानात टींटीं सुरू झालं होतं.

"बाई," अध्यक्षसाहेब अंधारातून मोठ्यानं म्हणाले, "आज इथेच थांबू या. तुमचं उरलेलं म्हणणं सात दिवसांत लेखी द्या. चालेल ना?"

"हरकत नाही, साहेब," ताई म्हणाली.

मोबाइलच्या उजेडात मी ते लिहिलं. तिनं ते म्हटलं होतं. मग कागद पिशवीत कोंबले आणि धावत सुटले.

काकू नेमक्या बाजारात गेल्या होत्या. हे पलंगावरून उतरून सिलिंडरपर्यंत सरपटत गेले होते आणि तिथेच पडले होते. नखं निळी झालेली. मी चावी फिरवली, नळी लावली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "आलीस?" एवढंच म्हणाले. डॉक्टर आले, वाचले म्हणाले, पण त्या दिवसानंतर ह्यांना उठून बसता आलं नाही. काकू रडून म्हणाल्या, आता मला ही जबाबदारी नको.

संध्याकाळी ताई आली. मी सांगायच्या आधीच म्हणाली, "उद्यापासून दहाला चादरी घालून मी येते. तू येईपर्यंत थांबेन." मग पिशवीतून एक कोरा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि अगदी तळाशी सही केली. ती सही तिला मीच शिकवली होती, बाकी लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं.

"वर काय लिहायचं ते तू लिही," ती म्हणाली. "आज माझं तोंडावर यायचं राहूनच गेलं बघ."

मी कागद ह्यांच्या रिपोर्टांच्या फाइलीत ठेवला.

चूक झाली असं मी म्हणणार नाही. चूक म्हणजे नकळत होते ती. मी रोज सकाळी ठरवायचे, आज लिहायचं. चार ओळी तर लिहायच्या. 'माझी हरकत आहे' एवढं लिहिलं असतं तरी पुरे होतं. आणि रोज ऑफिसात ह्यांची निळी नखं डोळ्यांपुढे यायची. घरी येऊन बघावं तर ताई ह्यांचे पाय चेपत बसलेली, दोघांचा कसलातरी विनोद चाललेला. त्या दोघांकडे बघून मला स्वतःची किळस यायची आणि तरी मी फाइल उघडायचे नाही.

चौथ्या दिवशी इतिवृत्त टाइप करायला घेतलं. एकोणिसावं नाव आलं. रकान्यात 'म्हणणं अपूर्ण, लेखी देणार' असं लिहिता आलं असतं. इतक्या वर्षांत तसं मी कितीतरी वेळा लिहिलंय. मी तिचं शेवटचं वाक्य बघितलं आणि तेच रकान्यात टाइप केलं. 'साहेब' तेवढं वगळलं.

सात दिवसांची मुदत संपायच्या सकाळी पानं अध्यक्षसाहेबांच्या सहीला नेली. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "ती चादरीवाली बाई ना ही? तिची हरकत नव्हती? मला तर वाटलं..."

"तिचेच शब्द आहेत, साहेब."

"लेखी काही आलं?"

"अजून तरी नाही."

बघा, यातलं एक वाक्यही खोटं नाही. एकवीस वर्षांत मी खोटा शब्द लिहिला नाही, त्या दिवशीही लिहिला नाही. खोटं बोलले ते संध्याकाळी घरी. ताई चपला घालत होती. सहज विचारल्यासारखं म्हणाली, "दिलास ना गं कागद?"

"दिला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि गेली.

दीड महिन्यानं नोटीस आली. ती घेऊन ताई आमच्याकडेच आली, वाचून दाखव म्हणाली. आपण सुनावणीत हरकत नाही असं नमूद केल्यामुळे, वगैरे वगैरे. हे पलंगावर उठायची धडपड करायला लागले. "असं कसं? ताई तर घर सोडणार नव्हत्या! तो अर्ज? अगं, तू दिलेला तो अर्ज कुठे गेला?"

मी तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाली, "तिचा काय दोष, पाहुणे? मीच म्हटलं ना भर सभेत. उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढ्या ढिगात एक कागद हरवायचाच." आणि ह्यांची उशी सारखी केली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून रडले.

घर पाडलं तेव्हा ताई बघायला गेली नाही. दोऱ्या तेवढ्या आधीच सोडून, गुंडाळून घेऊन आली. नवी इमारत तयार नव्हती, म्हणून आमच्याकडे राहिली. टॉवर उभे राहत होते. हे खिडकीतून बघायचे. एक टॉवर दिसायचा, त्याच्यावर माणसं चढलेली. "आता किती राहिलं?" विचारायचे.

तारा ओढायचं काम राहिलं होतं तेव्हा हे गेले. भर दुपारी, वीज असताना, मशीन नीट चालू असताना. म्हणजे लाईनचा काही संबंधच उरला नाही. मशीन हवा सोडत होतं आणि घेणारं कोणी नव्हतं. ते बंद करायचं मला सुचेना, शेवटी ताईनं बटण दाबलं.

दोन महिन्यांनी नवी लाईन सुरू झाली. तेव्हापासून आमच्याकडे वीज गेलेली नाही. एकदाही नाही. पंखा फिरत असतो आणि मी त्याच्याकडे बघत पडते.

हॉस्पिटलचं काम गेलंच होतं. पण त्या नर्सनं ताईला एका छोट्या दवाखान्याच्या वीस चादरी मिळवून दिल्या. गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघी ज्या खोलीत ह्यांचा पलंग होता तिथे चादरींच्या घड्या करत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे.

"नव्या इमारतीची गच्ची वाळवणाला मिळावी म्हणून एक अर्ज लिहून दे," ती म्हणाली.

"लिहिते. सही करून दे मग."

"पुन्हा सही कशाला?" ती चादर झटकत म्हणाली. "तो कागद आहे ना पाहुण्यांच्या फाइलीत. कोराच आहे. त्याच्यावरच लिही."

माझ्या हातातली टोकं सुटली. चादर जमिनीवर पडली. तिनं ती उचलली नाही, मीही नाही.

"कधी पाहिलास?"

"सहाव्या दिवशी. डॉक्टरांची चिठ्ठी शोधत होते."

"मग सातव्या दिवशी मला का विचारलंस?"

"तू काय सांगतेस ते ऐकायला."

"तुला सगळं माहीत होतं तर साहेबांकडे का नाही गेलीस, ताई? उभी राहून सांगितलं असतंस तरी झालं असतं. एक दिवस होता की हातात!"

"दिवसभर कोण बसत होतं गं त्यांच्यापाशी?" ती म्हणाली. "ती नळी काय तुला एकटीलाच दिसत होती? तू नुसतं मला विचारायचं होतंस, बारके. मी दिलं असतं."

खाई त्याला खवखवे म्हणतात. माझ्या आत काहीतरी फुटलंच. मी तिथेच खाली बसले. काय काय बोलले, आता नीट आठवतही नाही. रकान्याचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, निळी नखं सांगितली. इतकी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा धड एक वाक्य जुळेना. शेवटी तिचे पाय धरले आणि म्हटलं, "चुकलं माझं, ताई."

आणि मी थांबले. खरं सांगते, मी ते दोन शब्द ऐकायला थांबले. आयुष्यभर तिनं ते वाटेल त्याला वाटले होते, शिडी परत न देणाऱ्यालासुद्धा. साडीवर शाई सांडली तेव्हा मला दिले होते. आताही येतील, सवयीनं तरी येतील, असं वाटलं मला. डोक्यावर पंखा फिरत होता. ताई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

तिनं पाय हळूच सोडवून घेतले, वाकून चादर उचलली, एकदा झटकली आणि दोन टोकं माझ्यापुढे केली.

"नीट धर," ती म्हणाली. "सुरकुती पडतेय."

मी उठून टोकं धरली. अजून अकरा चादरी राहिल्या होत्या.